बैलामागे किती वजन

आधी काकाजींचं नाव घेतो, मग बाकीचं सांगतो. लाखनीच्या काकाजींनी मला माणसात आणलं. मी आठवीत शाळा सोडलेला, कोल्हापूरच्याही पलीकडचा, आजऱ्याकडचा. स्वभावाने असा की दारावर कुणी थाप मारली तरी आपल्याला हाकलायलाच आलेत असं वाटावं. अशा माणसाला घरापासून इतक्या लांब या गृहस्थांनी ठेवून घेतलं, जेवू घातलं, कामाला लावलं. उपकार मोठा आहे. पण उपकार केला म्हणून माणूस शहाणा ठरत नाही, आणि काकाजी शहाणे आहेत असं मी लिहिलं तर लाखनीतलं कुत्रंसुद्धा हसेल.

त्यांचं खरं नाव लिहीत नाही. ते लांबलचक आहे, आणि सही करताना तेही अर्धंच लिहितात. "कायले ओझं वाहाचं?" म्हणतात.

काकाजींचा हायवेवर धरमकाटा होता. धरमकाटा म्हणजे ट्रक वजन करायचा काटा. जमिनीलगत मोठा लोखंडी पाट, बाजूला टिनाची खोली, खोलीत लांब पितळी दांडी आणि दांडीवर सरकणारं वजन. धानाचे ट्रक, तुमसरकडून येणारे मँगनीजचे ट्रक, तेंदूपत्त्याचे ट्रक, सगळे काकाजींच्या पाटावर चढून उतरून पुढे जायचे. सकाळपासून संध्याकाळपर्यंत जगाचं वजन करत बसायचं म्हटल्यावर माणसाच्या डोक्यावर परिणाम होणारच. काकाजींच्या झाला होता.

काट्याचा नियम कडक होता. ट्रक रिकामा तोलायचा असो की भरलेला, ड्रायव्हरने खाली उतरायचं. काकाजी खिडकीतून ओरडायचे, "डायवर खाली!" मी तेव्हा नागपूरच्या एका माणसाचा ट्रक चालवत होतो. मालक सोबत होता. भरलेला ट्रक पाटावर चढला तेव्हा तो म्हणाला, "तू उतरू नको. खाली वाकून बस. तुझं वजन धानात जाऊ दे." मी वाकलो. तेवढ्यात खिडकीतून "डायवर खाली!" असा आवाज आला आणि मी दार उघडून अशी उडी मारली की माझी चप्पल केबिनमध्येच राहिली. मालकाने तिथल्या तिथे माझी पिशवी माझ्या अंगावर फेकली, चप्पल फेकली आणि ट्रक स्वतः घेऊन गेला.

काकाजी बाहेर आले. बंडी, धोतर, पोट असं की ते त्यांच्या अर्धा मिनिट आधी पोचायचं.

"कोठचा होय तू?"

"आजऱ्याचा."

"हे कोन्या जिल्ह्यात येते?"

"कोल्हापूर."

"इतक्या दुरून आला अन् इतक्या लवकर उतरला?" ते माझ्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "चढ पाटावर."

मी चढलो. काटा ट्रकसाठी बनवलेला. त्याने माझी दखलच घेतली नाही. पितळी दांडी जरा थरथरली आणि आडवी झाली. खिडकीतून आनंदाने भरलेला आवाज आला, "अबे, तुयात वजनच नाही! असाच डायवर पाहून राहिलो होतो मी."

अशी माझी मुलाखत झाली.

आता त्यांना ड्रायव्हर कशाला हवा होता ते सांगतो. त्यांच्याकडे एक मोटार होती. लढाईच्या आधीची, अमेरिकेची, आठ सिलिंडरची, हिरवट रंगाची. नाकापासून शेपटीपर्यंत चालत जायचं तर वाटेत विडी संपायची. एका मालगुजाराकडे, म्हणजे इकडच्या जमीनदाराकडे, ती होती. मालगुजारी गेली, मालगुजार खचला, मोटार काकाजींकडे आली. म्हणून सगळी लाखनी तिला 'मालगुजारीण' म्हणायची.

पहिल्या दिवशी काकाजींनी तिच्यावरची ताडपत्री ओढली. नोकरी टिकवायची होती, कौतुक तर करायला हवं होतं. मी आमच्याकडच्या पद्धतीने म्हणालो, "लई भारी गाडी हाय काकाजी!"

त्यांचा चेहरा उतरला. ताडपत्री परत टाकली आणि घरात निघून गेले. दुसऱ्या दिवशीही बोलेनात. मला वाटलं, संपलं. शेवटी काकीजींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, मला विचारलं, "काय बोलला गा तू यायले? जेवत नाहीत बराबर." मी सांगितलं. आमच्याकडे भारी म्हणजे उत्तम, हेही सांगितलं. काकीजी हसून हसून खांबाला टेकल्या. इकडे भारी म्हणजे जड. मी मालकाच्या लाडक्या गाडीला तोंडावर जाड म्हणालो होतो.

काकीजींनी समजावल्यावर काकाजी आले. पण राग पुरता गेला नव्हता. "जड असनं हे चांगलं असनं, असं मानते का तुमचं कोल्हापूर? मंग तुमच्याकडे कोनी कुठे पोचते कसं?"

कारण जड हा त्यांच्या लेखी सगळ्यात मोठा दोष. त्यांचं एक शास्त्र होतं, आणि ते शास्त्र त्यांनी शंकरपटातून काढलं होतं. थंडीत इकडे बैलजोड्यांच्या शर्यती होतात, त्याला शंकरपट म्हणतात. काकाजींचे वडील पटाचे शौकीन. लहानपणी काकाजींनी पाहिलं की थोराड, दणकट, नांगराला उत्तम असा बैल पटात मागे राहतो, आणि बारकुडा, पोट आत गेलेला, डोळे फिरवणारा बैल पुढे जातो. तेव्हापासून त्यांनी ठरवलं, ताकद किती हे विचारायचंच नाही. एका बैलामागे किती वजन, हे विचारायचं.

इंजिनाची ताकद घोड्यांत मोजतात हे त्यांना ठाऊक होतं, पण मान्य नव्हतं. "घोडा मी कधी पोसला नाही. बैल पोसले. एका घोड्याचे दोन बैल धर." दोनच का, असं एका मेकॅनिकने विचारलं तर म्हणाले, "जोडी लावाची असते ना बाप्पा." गाडीचे घोडे घ्यायचे, दुप्पट करून बैल करायचे, गाडीचं वजन बैलांना वाटून द्यायचं. जितकं कमी वाट्याला येईल तितकी गाडी पळणार. टिनाच्या खोलीची भिंत खडूने अशा हिशोबांनी भरलेली असायची. इकडून जाणारा प्रत्येक ट्रक, बस, जीप त्या भिंतीवर बैलांत मोजली गेली होती.

माणसंही सुटत नसत. एका पुढाऱ्याबद्दल म्हणायचे, "तोंडात चाळीस बैल, अन् बाकी सारी खंडीभर तुस." तुस म्हणजे धानाचं भूस. काकीजींबद्दल म्हणायचे, "वजन कमी, बैल जास्त. जपून राहा." आणि एकदा गणपतीच्या आरतीनंतर, हातात प्रसाद घेऊन, भटजींच्या देखत म्हणाले, "उंदरावर गनपती, याच्यापेक्षा वाईट हिसाब दुनियेत नाही." भटजी चिडले. काकाजी शांतपणे म्हणाले, "पन चालते. काऊन का देवाले कुठे जाचंच नाही, सारे त्याच्याकडेच येतात."

हलकेपणाचं वेड इतकं की गाडीत बसण्याआधी खिसे रिकामे करायचे. अंगठी काढायचे, चष्म्याचं घर काढायचे. सोबत येणाऱ्याला तोंडातलं पान थुंकायला लावायचे. स्वतःचं पोट मात्र गाडीत घेऊन बसायचे. त्याबद्दल बोलायची कुणाची छाती नव्हती.

एकदा पवनीला लग्नाला निघालो. त्यांनी स्टेपनी घरी काढून ठेवायला लावली. मी म्हणालो, "काकाजी, पंक्चर झाली तर?"

"मंग पंक्चर होईन तवा विचार करू. आतापासून काऊन वजन वाहाचं?"

अर्ध्या वाटेवर, धानाच्या बांध्यांच्या, म्हणजे खाचरांच्या, मधोमध, मागचं चाक बसलं. ऊन असं की रस्त्यावरचं डांबर चपलेला येत होतं. काकाजी एका मोहाच्या झाडाखाली जाऊन बसले आणि माझ्यावरच रागावले, "तू खड्डा पाहून नाही राहिला." शेवटी एक बैलगाडी आली. त्या गाडीवानाने आम्हाला पुढच्या गावापर्यंत नेलं. लग्न केव्हाच लागून गेलं होतं. मला लाज वाटत होती, काकाजी मात्र गाडीवानाला विचारत होते, "बैल केवढ्याचे" नाही, "बैल केवढे जड?" आणि मोठ्या आवाजात गणित करत होते. गाव येईपर्यंत त्यांनी सिद्ध केलं की ती बैलगाडी त्यांच्या शास्त्रानुसार अगदीच मंद आहे. गाडीवान म्हणाला, "असन मालक. पन तुमची मोटर तर उभीच आहे." काकाजींना हे इतकं पटलं की त्यांनी ते घरी येऊन भिंतीवर लिहिलं: उभ्या गाडीचे बैल शून्य.

या सगळ्यातली सगळ्यात मोठी गंमत अजून सांगितली नाही. वेगाचं एवढं शास्त्र सांगणारा हा माणूस वेगाला घाबरायचा. स्वतः गाडी चालवता येत नव्हती. स्टिअरिंगला कधी हात लावला नव्हता. मी मालगुजारीण जरा सोडली की त्यांचा उजवा पाय समोरच्या पत्र्यावर रोवला जायचा आणि, "हळू गा! हळू! अबे हळू!" असा जप सुरू व्हायचा. सायकलवाले आम्हाला मागे टाकून जायचे आणि वर नमस्कारही करायचे.

"काकाजी, गाडीत तर दम आहे म्हणता."

"आहे ना. म्हनूनच त हळू चाल. दम नसता त पळवली असती."

मला या वाक्याचा अर्थ आजही लागलेला नाही. पण मी हळू चालवायचो. मला वेगाशी काय करायचं होतं? काट्यामागची एक खोली, दोन वेळचं जेवण, आणि गावी आईला सांगायला एक ठिकाण: लाखनी, काकाजींकडे. धाकटा भाऊही शाळेला कंटाळला होता, त्याला शाळेत टिकवून ठेवायचं तर माझं इथं टिकणं भाग होतं. रोज सकाळी मालगुजारीण सुरू झाली की मी मनात म्हणायचो, आजचा दिवस गेला. ती खोकली की मी आधी पिशवी जागेवर आहे ना ते बघायचो.

मग दिवाळीला काकाजींचे जावईबापू लेकीला घेऊन आले.

जावई नागपूरला कुठल्याशा ऑफिसात साहेब. येताना नवी मोटार घेऊन आले. त्या वर्षांत त्या छोट्या मोटारी नुकत्याच दिसायला लागल्या होत्या. पांढरी, गुळगुळीत, आवाज नाही, धूर नाही. लाखनीने तासाभरात तिचं नाव ठेवलं, साबनदानी. पोरं तिच्याभोवती गोळा झाली आणि एकाने खरोखर वास घेऊन पाहिला.

जेवताना जावईबापू सासऱ्यांना म्हणाले, "मामाजी, ते भंगार किती दिवस ठेवणार? आता विकून टाका. पेट्रोल किती खाते ती!"

"खाते. मोठ्या घरची आहे."

"आणि वरून ड्रायव्हर पोसायचा. माझ्या गाडीला ड्रायव्हर लागतच नाही. आपण बसायचं, आपण चालवायचं. मी तुमच्यासाठी एक नोंदवून ठेवलीय, महिन्या-दोन महिन्यांत नंबर लागेल."

मी पडवीत जेवत होतो. भात तोंडातच राहिला. काकाजी काही तरी शिवी देतील, जावयाला नाही तर निदान साबनदानीला, अशी मला आशा होती. पण शास्त्र आड आलं.

"तुमच्या म्हनन्यात दम आहे जवाईबापू," ते विचार करत म्हणाले. "डायवर म्हनजे बसलेलं वजनच होय."

त्या रात्री मी पिशवी भरून ठेवली. तसा मी महिन्यातून दोनदा भरायचोच, पण या वेळी कंगवासुद्धा आत टाकला.

सकाळी दोन्ही गाड्या पाटावर चढल्या. आधी साबनदानी. काटा जेमतेम हलला. काकाजींनी दांडीवरचं वजन दोनदा सरकवून पाहिलं. साडेसहा क्विंटल. मालगुजारीण सतरा क्विंटल. काकाजी खडू घेऊन भिंतीपाशी गेले. मालगुजारीणीच्या कागदावर शंभर घोडे, म्हणजे दोनशे बैल. साबनदानीचे चाळीसच्याही आत घोडे, बैल केले तर पाऊणशेला एखादा कमी. भागाकार झाला. काकाजी ओरडले, "अरे! थोडक्यात का होईना, मालगुजारीनीचाच हिसाब चांगला! तरनी होती तवा इनं या डबीले मागे टाकलं असतं!"

"मामाजी, ते घोडे लढाईच्या आधीचे आहेत," जावई म्हणाले. "आता जिवंत किती?"

काकाजींनी खडू पुन्हा उचलला. खोटं बोलणं त्यांना जमलं असतं, पण खडूने लिहिणं जमलं नसतं. त्यांनी कपाळाला आठ्या घालून अर्धे घोडे मारले. आता मालगुजारीणीच्या एकेका बैलामागे साबनदानीच्या जवळजवळ दुप्पट वजन आलं.

"हरली," ते म्हणाले. घरातलं कुणी गेल्यासारखे.

जावयालाच वाईट वाटलं असावं. जावई म्हणाले, "भिंतीवर कशाला? रस्त्यावर पाहू ना. परवा आम्ही निघणारच आहोत. इथून पुढच्या गावाच्या तलावाच्या पाळीपर्यंत. तुमची हरली तर विकायची. जिंकली तर मी पुन्हा कधी विषय काढणार नाही."

काकाजी तयार झाले. म्हणजे शर्यत दोन गाड्यांची होती, आणि हरणार होतो मी.

पुढचे दोन दिवस मी मालगुजारीण सोलत होतो. मागची सीट काढली, मागची दारं काढली, बंपर, डिकीचं झाकण, स्टेपनी, पायदाणं, सगळं काढलं. काकाजी प्रत्येक तुकडा उचलून अंदाज घ्यायचे आणि म्हणायचे, "गेलं पाप." शेवटी ती अशी दिसायला लागली की लाखनीतल्या बायका तिच्याजवळून जाताना तोंड फिरवू लागल्या. पुन्हा पाटावर चढवली. तीन क्विंटल कमी. तरी भिंत म्हणत होती, हरणार.

निघायच्या दिवशी काकीजी अंगणात आल्या. लेक माहेराहून निघाली होती. दिवाळीनंतर लेक रिकाम्या हाताने जात नाही, आणि जावयाने सासरचं काही नाकारायचं नसतं. नाकारलं तर वर्षभर बोलणं बंद. काकीजींनी नव्या चिन्नोर तांदळाचं पोतं काढलं. त्याचा वास सगळ्या रस्त्याला आला. मग दुसरं पोतं. मग लाखोळीच्या डाळीचं गाठोडं, पापडांचा डबा, दोन कोहळे. जावईबापू "अहो, कशाला, कशाला" म्हणत मागे सरकत होते आणि साबनदानी खाली बसत होती. मग आत्याबाई आल्या. काकाजींची थोरली बहीण. त्यांना भंडाऱ्याला उतरायचं होतं. आत्याबाई बसल्या तेव्हा साबनदानीतून आवाज आला. त्या मोटारीतून आलेला मी ऐकलेला पहिला आवाज.

माझ्या जिवात जीव आला. काकीजी माझ्याकडे बघतही नव्हत्या, पण तिसरं गाठोडं आणायला जाताना त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मला दिसलं.

आणि काकाजी किंचाळले, "अवो, थांबव! काय करून राहिली! हिसाब बिघडते ना!"

"तुमचा हिसाब चुलीत घाला. पोरगी माहेरून खाली हातानं जाईन का?"

"तांदूळ मंग पाठवू! आत्याले बशीत बसव!"

"बसवा तुम्ही. सांगा तिले तिचं वजन."

काकाजींनी आत्याबाईंकडे पाहिलं. आत्याबाईंनी काकाजींकडे पाहिलं. काकाजींनी विषय सोडला. पण मन मानेना. म्हणाले, "मंग पुन्हा तोलू." मी मनात देवाला हात जोडले. नोकरी जायची तर जावो, पण हिशोबाने तरी जाऊ नये.

साबनदानी माणसांसकट, कोहळ्यांसकट, पाटावर चढली. काकाजी दांडी सरकवत राहिले, मग भिंतीपाशी गेले. बराच वेळ पाठमोरे होते. वळले तेव्हा त्यांचं तोंड लहान पोरासारखं झालं होतं.

"बराबर!" ते म्हणाले. "अबे, बराबर निघाली! दोघीच्या बी बैलामागं सारखं वजन! अशी जोड मी कोन्या पटात नाही पाह्यली!"

आणि त्या आनंदात, कुणाला काही कळायच्या आत, ते मालगुजारीणीत माझ्या शेजारी येऊन बसले. आपण बसलो तर जोड बराबर राहत नाही, हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. सगळ्या गोष्टी तोललेल्या माणसाने स्वतःला कधी तोललं नव्हतं.

काकीजी दारात उभ्या राहिल्या. "हाना!" म्हणाल्या.

आता मला खरं सांगायचं तर मालगुजारीण त्या दिवशी पळाली. सुरुवातीलाच पुढे गेली. मागची दारं नसल्यामुळे वारा आत घुसून बाहेर जात होता, पत्रा वाजत होता, आणि त्या म्हाताऱ्या आठ सिलिंडरांत जे काही बैल उरले होते ते सगळे एकदम उठले होते. आरशात साबनदानी लहान दिसत होती, मग थोडी मोठी, मग तेवढीच. तलावाची पाळ, म्हणजे मातीचा बांध, समोर दिसायला लागली. पाळीवर बगळे होते. मी आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी जिंकत होतो.

"हळू गा!"

मी ऐकलं नाही असं केलं.

"हळू! अबे हळू! मरतो मी!"

त्यांचा पाय पत्र्यावर होता, डोळे मिटलेले, एका हाताने माझी बाही धरलेली. काकाजी खरोखर घाबरले होते. पाळ एवढी जवळ होती. माझी खोली, माझं ताट, माझ्या भावाची शाळा, सगळं त्या बगळ्यांच्या जरासं अलीकडे होतं. आणि मला ठेवून घेणारा माणूस माझ्या शेजारी थरथरत होता.

मी पाय उचलला.

साबनदानी बाजूने गेली. मागच्या काचेत एक कोहळा आणि आत्याबाई, दोघंही माझ्याकडे बघत होते. आत्याबाईंनी हात हलवला.

पाळीवर पोचलो तेव्हा जावईबापू उतरून उभे होते. काकाजी उतरले, धोतर सारखं केलं, दोन वेळा खोकले. मी खाली मान घालून उभा. काकाजींनी जावयाला सांगितलं, "जिंकले तुम्ही. विकतो." एवढंच. लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि परत येऊन बसले. लाखनी आल्यावर म्हणाले, "काऊन पाय उचलला?"

"तुम्ही हळू म्हणाला."

"हं," म्हणाले.

मालगुजारीण आठवडाभरात गेली. दारं, सीट, बंपर पुन्हा लावून, पुसून, हार घालून. बपेऱ्याकडचा एक माणूस वरातीसाठी घेऊन गेला. काकाजी त्या वेळी टिनाच्या खोलीत बसून एका ट्रकचं वजन करत होते. तो ट्रक तिथे नव्हता.

मग मी साबनदानीची वाट पाहू लागलो. म्हणजे माझ्या हकालपट्टीची. पिशवी भरलेलीच होती. रोज काट्याची झाडलोट करायचो, न सांगता दांडीला तेल द्यायचो, काकीजींना पाणी भरून द्यायचो. कुणी काही बोलत नव्हतं, त्यामुळे जास्तच भीती. काकाजींना विचारायची हिंमत होईना. विचारलं आणि त्यांनी उत्तर दिलं तर?

थंडी संपता संपता गाडी आली. जावईबापूंनी एका माणसाबरोबर पाठवली. तो ती सोडून बशीने परत गेला. काकाजींनी तिची पूजा केली, नारळ फोडला, आणि अर्थातच पाटावर चढवायला सांगितली. मी चढवली, आणि सवयीने दार उघडून उतरायला लागलो. काट्यावर एक ट्रकवाला आपल्या नंबरची वाट बघत उभा होता. तोही गमतीने ओरडला, "डायवर खाली!"

"बसू दे त्याले," काकाजी खिडकीतून म्हणाले.

"काकाजी, माझं वजन..."

"बस म्हनतो ना! तू वजनात नाही. तू बैलात आहेस."

ट्रकवाला हसला. माझ्या आयुष्यात मला कुणी बैल म्हटलं आणि डोळ्यांत पाणी आलं, असं तेवढ्याच वेळी झालं.

मग ते बाहेर आले आणि खिडकीशी वाकून हळूच म्हणाले, कुणी ऐकू नये म्हणून, "जवाई म्हनते, डायवर लागत नाही, आपुन चालवाची. पन आपल्याले कुठे येते? शिकवीन कोन?"

ही गोष्ट जावयाच्या लक्षात आली नव्हती. माझ्याही नव्हती. ज्या गाडीला ड्रायव्हर लागत नाही तिला आधी मास्तर लागतो.

आठवीत शाळा सोडलेला मी, लाखनीत मास्तर झालो. पहिल्या विद्यार्थिनी काकीजी. त्या पंधरवड्यात शिकल्या आणि साकोलीच्या बाजारात जाऊन आल्या. येताना एका जीपला मागे टाकलं, असं त्या म्हणतात आणि जीपवालाही म्हणतो. मग शाळेतले दोन गुरुजी आले, औषधांच्या दुकानवाला आला, लाखनीबाहेरचेही येऊ लागले. इकडे छोट्या गाड्या वाढत चालल्या आहेत, आणि प्रत्येक गाडीमागे कुणीतरी न शिकलेलं माणूस आहे. माझी खोली काट्यामागे तशीच आहे. पिशवी रिकामी करून खुंटीला लावली आहे. धाकटा भाऊ मॅट्रिकला बसतोय.

फक्त एक विद्यार्थी अजून पास व्हायचा आहे. काकाजी रोज सकाळी चष्म्याचं घर बाहेर ठेवून स्टिअरिंगवर बसतात, गाडी सुरू करतात, आणि दोन्ही पाय ब्रेकवर ठेवतात. गाडी पाटाच्या उतारावर थरथरत उभी राहते. "हळू गा," ते स्वतःलाच सांगतात. मी घाई करत नाही. त्यांनी माझ्यासाठी काय केलं ते मला ठाऊक आहे, आणि त्याची फेड कशी करायची तेही मी ठरवलं आहे. एक दिवस काकाजी स्वतः गाडी चालवत मला पवनीपर्यंत नेतील. मी मागच्या सीटवर बसेन, दोन्ही हात मांडीवर ठेवून. ते कितीही हळू गेले तरी मी एक शब्द बोलणार नाही, आणि त्या दिवशी बैलात काकाजी असतील, सगळं वजन माझं असेल.